एक कार्ड, सर्व चार्जर: पोर्तुगालच्या सामायिक जाळ्याचा प्रकरण अभ्यास

विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी सार्वजनिक चार्जिंगचे जाळे बहुतेक देशांत एकाच क्रमाने उभे राहिले. आधी निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले चार्जर बसवले, प्रत्येकीने आपले कार्ड किंवा ॲप काढले, आणि चालकांच्या तक्रारी वाढल्यावर एकीचे कार्ड दुसरीकडे चालावे यासाठी करार-मदार सुरू झाले. पोर्तुगालने हा क्रम उलटा केला. रस्त्यावर विजेच्या गाड्या जवळजवळ नव्हत्याच, अशा वेळी, म्हणजे एप्रिल २०१० मध्ये, ३९/२०१० क्रमांकाच्या कायद्याने तेथील सरकारने ठरवून टाकले की, सार्वजनिक वापराचा चार्जर कोणीही बसवलेला असो, तो एकाच राष्ट्रीय जाळ्याला जोडलेला असलाच पाहिजे आणि कोणत्याही वीजपुरवठादाराचे कार्ड बाळगणाऱ्या चालकाला तो वापरता आलाच पाहिजे. या जाळ्याचे नाव मोबी-ई. ही व्यवस्था दीड दशक टिकली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या नव्या कायद्याने तिची सक्ती मागे घेतली. हेतू चांगला, अंमलबजावणीही बऱ्याच अंशी यशस्वी, तरी ही सक्ती का सोडावी लागली, हा या प्रकरणातील खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर चार्जरवर नेमके काय विकले जाते, याविषयी कायद्याने घेतलेल्या भूमिकेत सापडते.

पार्श्वभूमी

पोर्तुगालमध्ये खनिज तेल निघत नाही. वाहतुकीसाठी लागणारे जवळजवळ सगळे तेल बाहेरून येते. याउलट जलविद्युत आणि पवनविद्युत यांचा वाटा तेथील वीजनिर्मितीत मोठा आहे, आणि वारा रात्रीही वाहतो, तेव्हा विजेला मागणी मात्र कमी असते. रात्री उभ्या असलेल्या गाड्यांनी ही वीज घ्यावी, हा विचार पंतप्रधान जुझे सोक्रातेस यांच्या सरकारला पटण्यासारखा होता. २००८ मध्ये सरकारने रेनो-निस्सान समूहाशी सामंजस्य करार केला, २००९ मध्ये विजेवरील वाहतुकीचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कायदा आला.

सामायिक जाळ्याची कल्पना या देशाला नवी नव्हती, ही बाब सहसा सांगितली जात नाही. तेथील बँकांनी १९८५ पासून मुल्तिबांको या नावाने एटीएमचे एकच जाळे चालवले आहे, आणि पथकर भरण्यासाठी १९९१ मध्ये सुरू झालेली व्हिया व्हेर्द ही यंत्रणा वेगवेगळ्या ठेकेदारांच्या महामार्गांवर एकाच उपकरणाने चालते. आपल्याकडे फास्टॅग येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. स्पर्धक कंपन्यांनी एक सामायिक यंत्रणा वापरायची आणि ग्राहकाने त्यांच्यातील सीमारेषा पाहायचीही नाही, ही सवय तेथील प्रशासनाला आणि लोकांना आधीच होती. मोबी-ईच्या रचनाकारांनी तीच सवय चार्जिंगला लावली. मात्र पथकर आणि वीज यांत एक मोठा फरक आहे: पथकर कोणाला द्यायचा हे ठरलेले असते, चार्जरवर मात्र वीज कोण विकतो हाच प्रश्न असतो. हा फरक पुढे अडचणीचा ठरला.

व्यवस्थेची रचना

कायद्याने चार्जिंगचा व्यवहार तीन भूमिकांत विभागला. पहिली भूमिका चार्जर बसवून तो चालवणाऱ्या कंपनीची. तिला आपण चालक कंपनी म्हणू. दुसरी भूमिका वीजपुरवठादाराची. गाडीमालकाचा करार या पुरवठादाराशी असतो, कार्ड तोच देतो आणि महिन्याचे बिलही तोच पाठवतो. तिसरी भूमिका संपूर्ण जाळ्याचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेची. प्रत्येक चार्जर तिच्या संगणकीय यंत्रणेला जोडलेला असतो. कार्ड टेकवले की ते वैध आहे का हे ती तपासते, किती युनिट वीज गेली आणि किती मिनिटे लागली याची नोंद ठेवते, आणि कोणी कोणाला किती द्यायचे याचा हिशोब करते. २०१५ पासून हे काम मोबी-ई याच नावाच्या सरकारी कंपनीकडे आले.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, चार्जरमधून गाडीत जाणारी वीज चालक कंपनी विकत नाही. ती वीज गाडीमालकाने निवडलेला पुरवठादार विकतो. चालक कंपनी फक्त चार्जर वापरू दिल्याचे शुल्क घेते. घरी जसा ग्राहकाला वीजपुरवठादार निवडण्याचा हक्क युरोपीय कायद्याने दिला आहे, तसाच हक्क रस्त्यावरील प्रत्येक चार्जरवरही असला पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. लिस्बनमधील गाडीमालक घरचा पुरवठादार पोर्तोच्या रस्त्यावरही सोबत घेऊन जातो, असे त्याचे चित्र. कागदावर ही रचना फार देखणी दिसते. चालक कंपन्या जागेवर आणि यंत्रावर स्पर्धा करतील, पुरवठादार विजेच्या दरावर स्पर्धा करतील आणि मधली संस्था दोघांपासून अलिप्त राहील. पहिल्या वर्षांतील परदेशी अभ्यासकांना याचे कौतुक वाटले, यात नवल नाही.

पहिला, प्रायोगिक टप्पा २५ नगरपालिकांत घ्यायचे ठरले. १,३०० साधे आणि ५० जलद चार्जर हे लक्ष्य होते. सॉफ्टवेअर, यंत्रे आणि वीज या तिन्ही क्षेत्रांतील पोर्तुगीज कंपन्यांना एकत्र आणले गेले. पोर्तोजवळच्या एफासेक या कंपनीला चार्जर बनवण्याच्या उद्योगात जी चालना मिळाली ती याच काळात. पहिल्या ५,००० गाड्यांना प्रत्येकी ५,००० युरोचे अनुदानही जाहीर झाले.

पैसा संपतो, चार्जर उरतात

२०११ च्या मार्चमध्ये सरकार कोसळले, मे महिन्यात पोर्तुगालने ७८ अब्ज युरोचे आंतरराष्ट्रीय साहाय्य स्वीकारले आणि त्यासोबत काटकसरीच्या अटीही आल्या. गाड्यांवरील अनुदान बंद झाले. आव्हेइरू येथे निस्सान उभारत असलेला बॅटरीचा कारखाना त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रद्द झाला. त्या वर्षी देशात विकल्या गेलेल्या विजेच्या गाड्यांची संख्या शेकड्यांत मोजण्याइतकीच होती, म्हणजे चार्जर गाड्यांपेक्षा जास्त अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. देखभालीला पैसा नसल्यामुळे रस्त्यावरचे अनेक चार्जर नादुरुस्त झाले, काही वर्षानुवर्षे तसेच राहिले, आणि त्यांच्यापुढील राखीव जागांवर इतर गाड्या सर्रास उभ्या राहू लागल्या.

याच काळात घेतलेला, किंवा खरे तर न घेतलेला, एक निर्णय पुढे जड गेला. प्रायोगिक टप्प्यात चार्जिंग विनामूल्य होते. प्रयोग संपला तेव्हा शुल्क सुरू करायला हवे होते. पण गाड्या इतक्या थोड्या होत्या की वसुलीची यंत्रणा चालवण्याचा खर्चही निघाला नसता, आणि नव्याने गाडी घेणाऱ्याला काही तरी आकर्षण हवे, हाही विचार होता. त्यामुळे विनामूल्य सेवा लांबत गेली. जलद चार्जरवर शुल्क सुरू झाले ते नोव्हेंबर २०१८ मध्ये, आणि संपूर्ण जाळे सशुल्क झाले ते जुलै २०२० मध्ये. जेथे सरकारी चार्जर फुकट वीज देतो तेथे शेजारी स्वतःच्या पैशाने चार्जर बसवून शुल्क मागणारी कंपनी येणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. तीन भूमिकांची जी रचना २०१० मध्ये आखली गेली होती, तिची खरी परीक्षा त्यामुळे आठ-दहा वर्षे झालीच नाही. पुरवठादारांना विकायला काही नव्हते आणि चालक कंपन्यांना कमवायला काही नव्हते.

तरीही या निद्रिस्त काळाबद्दल एक गोष्ट रचनेच्या बाजूने सांगावी लागते. पैसा आटला, सरकारे बदलली, यंत्रे जुनी झाली, पण सामायिकतेचा नियम कायद्यात असल्यामुळे तो हटला नाही. २०१६ नंतर गाड्यांची विक्री वाढू लागली आणि खासगी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या, तेव्हा त्यांना पहिल्या दिवसापासून त्याच जाळ्यात यावे लागले. कायद्याऐवजी कंपन्यांमधील करारांवर हे सोपवले असते, तर त्या मंदीत ते करार टिकले असते असे मला वाटत नाही.

बिलाची गुंतागुंत

शुल्क सुरू झाल्यावर प्रत्येक चार्जिंगचे बिल किती भागांचे असते, हे लोकांच्या लक्षात आले. पुरवठादाराचा विजेचा दर वेगळा. त्यावर वीजवाहिन्यांच्या वापराचे शुल्क, म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलातील वहन आकारासारखी गोष्ट. ते नियामक मंडळ ठरवते, दिवसाच्या वेळेनुसार बदलते आणि चार्जरची जोडणी कमी दाबाच्या वाहिनीवर आहे की मध्यम दाबाच्या, यावरही अवलंबून असते. मग चालक कंपनीचे शुल्क. ते प्रत्येक वापरामागे ठरावीक रक्कम, दर मिनिटाला काही सेंट, दर युनिटला काही सेंट, किंवा या तिन्हींचे हवे तसे मिश्रण असू शकते. शिवाय जाळ्याच्या व्यवस्थापनाचे छोटे नियंत्रित शुल्क, विजेवरील विशेष कर आणि सर्वांवर २३ टक्के मूल्यवर्धित कर. यातून सरकारच्या पर्यावरण निधीतील सवलत वजा व्हायची. यातील कोणताही एक आकडा लपवलेला नव्हता. पण चार्जरसमोर उभ्या असलेल्या माणसाला एकूण किती पैसे पडतील हे सांगणारा आकडा कोठेच नव्हता, कारण चार्जरच्या मालकाला समोरच्याच्या पुरवठादाराचा दर माहीत नसे आणि पुरवठादाराला चार्जिंग किती मिनिटे चालेल हे माहीत नसे.

मिनिटाच्या दराचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल; हे आकडे केवळ हिशोबासाठी घेतले आहेत. समजा, एका जलद चार्जरवर चालक कंपनी मिनिटाला १० सेंट घेते. दोन गाड्या प्रत्येकी अर्धा तास उभ्या राहतात आणि दोघींचे चालक कंपनीचे शुल्क ३ युरो होते. पहिली गाडी या वेळात २० युनिट घेते, तर तिला युनिटमागे १५ सेंट पडले. दुसऱ्या गाडीची बॅटरी लहान आहे, थंड आहे किंवा बरीचशी भरलेली आहे, म्हणून ती १० युनिटच घेते. तिला युनिटमागे ३० सेंट पडले. आता त्यावर दोघांच्या वेगवेगळ्या पुरवठादारांचे दर आणि सकाळ-रात्रीच्या वेळेचा फरक चढवा. एकाच चार्जरवर, एकाच दिवशी, शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या युनिटचा दर दुप्पट-अडीचपट वेगळा असू शकतो. मिनिटावर दर लावण्यामागे चार्जर लवकर मोकळा व्हावा हा रास्त हेतू आहे, हे मान्य. परंतु दर ज्याला आधी कळतच नाही, त्याच्या वागण्यावर त्या दराचा परिणाम होणार कसा?

वाकबगार चालकांनी यातूनही मार्ग काढला. अंदाज देणारी ॲप आली, कोणत्या वेळी कोणते कार्ड वापरावे याचे तक्ते लोकांनी बनवले, काहींनी दोन-तीन पुरवठादारांची कार्डे घेतली. म्हणजे एकच कार्ड सर्वत्र चालावे यासाठी केलेल्या व्यवस्थेत हिशेबी माणसे पुन्हा अनेक कार्डे बाळगू लागली. फक्त आता ती चार्जर उघडण्यासाठी नव्हे, तर दर कमी पडावा म्हणून होती. पहिल्यांदाच विजेची गाडी घेणाऱ्यासाठी किंवा स्पेनमधून सुट्टीला आलेल्या प्रवाशासाठी मात्र पुरवठादाराशी आधी करार करण्याची ही अट सरळ अडथळाच होती. पेट्रोल पंपावर जाण्यापूर्वी कोणी तेल कंपनीशी करार करत नाही.

कडेचे दोन वाद

सक्तीच्या जाळ्याचा एक अनपेक्षित परिणाम टेस्लाच्या बाबतीत दिसला. या कंपनीचे जलद चार्जर फक्त तिच्याच गाड्यांसाठी होते, म्हणून ते खासगी मानले गेले आणि जाळ्याबाहेर राहू शकले. नोव्हेंबर २०२१ पासून कंपनीने नेदरलँड्सपासून सुरुवात करून युरोपात ते इतर गाड्यांसाठी खुले करायला घेतले, तेव्हा पोर्तुगालमध्ये तसे करायचे तर राष्ट्रीय जाळ्यात येणे आणि वीजविक्री पुरवठादारांवर सोपवणे भाग होते. परिणामी ज्या देशाने सर्वांसाठी खुल्या जाळ्याचा नियम सर्वांत आधी केला, तेथेच हे चार्जर इतर देशांत खुले होऊ लागल्यावरही बंद राहिले.

दुसरा वाद महामार्गांचा. तेथील विश्रांतीस्थळे आधीच इंधन कंपन्यांकडे दीर्घ मुदतीच्या करारांनी होती, आणि चार्जर बसवण्याची संधीही बहुधा त्यांच्याकडेच गेली. जाळे सामायिक असले तरी जागा सामायिक नव्हती. स्पर्धा प्राधिकरणाने या क्षेत्राचा जो अभ्यास केला, त्यात या मुद्द्यावर बोट ठेवून महामार्गांवरील जागा खुल्या निविदेने द्याव्यात असे सुचवले, आणि चार्जरवर थेट पैसे भरण्याची सोय करून पुरवठादाराची वेगळी भूमिका काढून टाकावी, अशीही शिफारस केली.

काय साधले

दोषांची यादी वाचून हे जाळे फसले असे कोणी म्हणेल, तर ते चुकीचे ठरेल. २०२४ मध्ये पोर्तुगालमध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास पाचवा हिस्सा केवळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचा होता. त्याच वर्षी शेजारच्या, अधिक श्रीमंत स्पेनमध्ये हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास राहिले. कंपन्यांच्या वाहनांवरील कर-सवलतींचा त्यात मोठा हात आहे, म्हणून सगळे श्रेय जाळ्याला देता येणार नाही. परंतु डोंगराळ भागातल्या छोट्या गावातला चार्जरही आपल्या कार्डाने चालेल, याची खात्री तेथील चालकाला होती, आणि ही खात्री युरोपातील अनेक श्रीमंत देशांच्या चालकांना त्या काळात नव्हती.

मला या व्यवस्थेचा सर्वांत उपयोगी भाग इमारतींच्या सामायिक वाहनतळात दिसतो. कायद्यातील पुढील सुधारणांमुळे खासगी जागेतील चार्जरही, मालकाची इच्छा असल्यास, या जाळ्याला जोडता येऊ लागले. सोसायटीने सामायिक मीटरवर चार्जर बसवला आणि तो जाळ्यात नेला, की प्रत्येक रहिवाशाच्या वापराचे बिल त्याच्या स्वतःच्या पुरवठादाराकडून त्याला जाते; सोसायटीला कोणाकडून वसुली करावी लागत नाही आणि सभेत वादही होत नाही. पुणे-ठाण्याच्या सोसायट्यांत सामायिक मीटरवरील चार्जिंगवरून जी भांडणे होतात ती ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. पुरवठादार आणि चालक कंपनी यांना वेगळे ठेवण्याची कल्पना महामार्गावर त्रासाची ठरली. वाहनतळात मात्र तीच उपयोगी पडली, कारण तेथे रोज तीच माणसे, तोच चार्जर आणि तोच दर असतो.

नवा कायदा

एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाचा २०२३/१८०४ क्रमांकाचा नियम लागू झाला. नव्या सार्वजनिक चार्जरवर कोणत्याही कराराविना पैसे भरता आले पाहिजेत, ५० किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या नव्या चार्जरवर बँकेचे कार्ड किंवा तत्सम सोय हवी, आणि अशा चार्जरवर आकारणीचा पाया दर युनिट हा असावा, अशा त्याच्या अपेक्षा आहेत. पोर्तुगालची रचना यात बसत नव्हती, कारण चालक कंपनी जी वीज स्वतः विकतच नाही तिचा दर ती फलकावर लावणार कशी? काही काळ चालक कंपन्यांनी स्वतःच पुरवठादाराशी जोडणी करून ही अट कशीबशी पाळली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये ९३/२०२५ क्रमांकाचा कायदा आला. त्याने वीजपुरवठादाराची वेगळी भूमिका काढली, वीज आणि सेवा एकत्र विकण्याचा अधिकार चालक कंपनीला दिला, राष्ट्रीय जाळ्याशी जोडणी ऐच्छिक केली आणि २०२६ च्या अखेरपर्यंतचा काळ बदलासाठी ठेवला.

भारताने २०१८ मध्ये याच प्रश्नावर अगदी विरुद्ध टोकाची भूमिका घेतली होती. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, म्हणून त्यासाठी वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात चार्जिंग केंद्राचा मालक महावितरणकडून वा अन्य वितरण कंपनीकडून वीज घेतो आणि चालकाला युनिटमागे एक दर सांगतो. दर समजायला सोपा आहे, केंद्रे उभारणेही सोपे झाले, पण प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे आणि त्यात आगाऊ भरलेले पैसेही वेगळे अडकतात. पोर्तुगालमध्ये चार्जर उघडायची चिंता नव्हती, दराची होती. येथे नेमके उलटे आहे. या दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. कोणाचेही कार्ड वा ॲप सर्वत्र चालण्यासाठी ओळख पटवणे आणि हिशोब मिटवणे एवढेच सामायिक असावे लागते. वीज कोण विकतो हा भाग त्यात घालण्याची गरज नसते. मोबी-ईच्या रचनाकारांनी हे दोन्ही प्रश्न एकाच कायद्याने सोडवायला घेतले, आणि पहिल्यासाठी केलेली सक्ती दुसऱ्याच्या गुंत्यामुळे लोकांना नकोशी झाली.

पोर्तुगालच्या नव्या कायद्याबद्दल माझा आक्षेप याच ठिकाणी आहे. पुरवठादाराची वेगळी भूमिका काढणे योग्य होते, पण त्यासोबत जोडणीची सक्तीही सोडायला नको होती. बँकेच्या कार्डाने पैसे भरता येतात म्हणून जाळे सामायिक होत नाही. महिन्याचे एकत्रित बिल हवे असणाऱ्या मालवाहतूक कंपन्यांना, आणि सोसायटीच्या वाहनतळातील रहिवाशांना, यापुढे चालक कंपन्या आपसांत जे करार करतील त्यांवर अवलंबून राहावे लागेल. मोबी-ई या सरकारी कंपनीकडे चार्जरची जागा, स्थिती आणि दर यांची माहिती गोळा करून खुली करण्याचे काम उरेल. मोठ्या कंपन्यांना एकमेकींशी असे करार करणे परवडते. दोन-चार चार्जर चालवणाऱ्या नगरपालिकेला आणि गावातल्या छोट्या चालक कंपनीला ते कितपत परवडेल, हे संक्रमणाचा काळ संपेपर्यंत त्या कराराच्या अटींवरून दिसू लागेल.